चार कोपऱ्यांची गाठ

“बाईची छाती हाय का दगड? पारच होऊन नाही राह्यलं!”

प्लायवूडच्या आडोशामागून कंपाउंडर बोलला. आत त्याच्याशिवाय फक्त माझी मोठी आई होती, म्हणजे त्याच्या लेखी कुणीच नव्हतं. मी बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर रुमालाची पुरचुंडी होती आणि तिच्यात मोठ्या आईची काळी पोत, कानांतली फुलं, जोडवी आणि दोन सेफ्टी पिना. अंगावर धातूचं काही राहू द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. फोटो छातीचा होता आणि जोडवी पायांत होती, पण हुकूम तो हुकूम. कंपाउंडरने तीही काढायला लावली.

शेजारी मोठे बाबा होते. त्यांनीही ते वाक्य ऐकलं. गावच्या पाटलाने ‘अरे’ म्हटलं म्हणून भर सभेत त्याला ‘अहो’ म्हणायला लावलेला हा माणूस, वाशीमच्या एका दवाखान्यात, आपल्या बायकोला दगड म्हटलेलं ऐकून चष्मा पुसायला लागला. काचा स्वच्छ होत्या. तरी पुसत राहिला.

दोन फोटो वाया गेले होते. तिसऱ्याची तयारी चालली होती.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दोघं जऊळक्याला राहायची. मोठे बाबा तिथल्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मोठी आईसुद्धा. आम्ही नागपूरला. वडील सरकारी कचेरीत आणि मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत, नंतर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत मला जऊळक्याला पाठवायचे, आपली माणसं विसरू नये म्हणून.

तिथे मी म्हणजे बघायला यायची वस्तू होते. बाया ओट्यावर बसून म्हणायच्या, “बोलून दाखव वं थोडं इंग्रजी.” मी बोलायची नाही. मराठी बोलले तरी हसायच्या, कारण माझ्या तोंडी पुस्तकातलं मराठी होतं आणि तेही अडखळत. मग मी गप्प बसायला शिकले. काहींनी त्याला संस्कार म्हटलं, काहींनी गर्व. मी फक्त घाबरट होते. पण गप्प माणसाला लोक स्वतःहून चांगलं काहीतरी चिकटवतात, आणि ते मी काढून टाकलं नाही, कारण फुकटचं होतं.

त्या वर्षी सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी मोठ्या आईने मला न्हाणीत बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या डाव्या छातीवर ठेवला. आवळ्याएवढी गाठ होती. कडक, आणि बोटाने ढकलली तर न हलणारी.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पोयापासून.”

पोळा होऊन दोन महिने होत आले होते, आणि ती पोळ्यापासून म्हणत होती म्हणजे त्याच्याही आधीपासून असणार.

“मोठ्या बाबांना सांगितलं?”

“त्याइले काय सांगू? सांगाची गोष्ट हाय का ते?”

ते मी सांगायचं, असं त्याच्यात होतं. आता छाती हा शब्द मोठ्या बाबांसमोर मी उच्चारणार कसा? दोन दिवस प्रयत्न केला. ते पेपर वाचत बसत, मी दारात उभी राही, ते म्हणत, “काय बेटा?” मी म्हणे, “काही नाही.” शेवटी चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या शाळेच्या हजेरीपटात ठेवली. एकोणीस वर्षांची मुलगी, बाईच्या जिवाची गोष्ट, आणि ती मुलांच्या हजेरीत लपवून ठेवते. त्यांनी ती वाचली असावी, कारण संध्याकाळी ते जेवले नाहीत आणि सकाळी कुणाकडेही न बघता म्हणाले, “सोमवारी वाशीमला जाऊ. बेटा, तू पण चल. तो डॉक्टर इंग्रजी बोलते म्हणतात.”

म्हणजे मला नेलं ते बोलण्यासाठी.

सोमवारी पहाटे गाडीच्या आधी मोठ्या आईने परत न्हाणीत बोलावलं. तट्ट्याच्या आडोशाला तिने एक पत्र्याची डबी लपवून ठेवली होती. तिच्यात शेंदराचा मलम होता, तिळाच्या तेलात खललेला. अनसिंगची एक म्हातारी बाजाराच्या दिवशी येऊन बसायची, तिने दिलेला. गळवं, फोड, गाठी, सगळ्यांना तोच मलम. मोठ्या आईने जुन्या लुगड्याची चौकोनी चिंधी घेतली, तिच्यावर बोटाने मलम थापला, पुन्हा थापला, आणि चिंधी गाठीवर चिकटवून दिली. वरून ब्लाउजची हुकं लावली.

“हे गुरुजीले सांगशील नाई,” ती म्हणाली. “घरात शेंदूर आनला म्हनून डोक्स खातीन माह्यं.”

हे खरं होतं. वीसेक वर्षांपूर्वी दीक्षा घेतली तेव्हा मोठ्या बाबांनी घरातले शेंदूर फासलेले देव टोपलीत भरले आणि स्वतः नेऊन नदीत सोडले. ती गोष्ट ते दर वर्षी विहारात सांगायचे. दर वर्षी टोपली थोडी जड व्हायची आणि नदीला थोडं जास्त पाणी असायचं. पण केलं होतं ते खरं, आणि त्याला छाती लागली होती, हे मलाही मान्य आहे. तेव्हापासून त्यांच्या घरात शेंदूर नव्हता. मोठ्या आईलाही तो देव म्हणून नको होता. “हा काही देवाचा नाही,” ती मी न विचारताच म्हणाली, “औषधाचा हाय.” पण मोठे बाबा शेंदराशी वाद घालण्यापूर्वी तो कशाचा आहे हे विचारणार नव्हते, हेही तिला माहीत होतं.

“मोठी आई, आज तरी नको लावू,” मी म्हटलं.

“काहून? फोटो आतला निघते का वरचा?”

“आतला.”

“मंग! वरचं वर राहीन. आज तं जाडच पाह्यजे लेप, गाडीत हिसके बसतेत.”

मला हे पटलं. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी इतरांना नावं ठेवणार आहे. फिजिक्समध्ये चांगले मार्क असलेल्या, क्ष-किरणांवर इंग्रजीत दोन पानं घडाघडा लिहू शकणाऱ्या मुलीला हे पटलं. किरण कपड्यातून जातात, कातडीतून जातात, मांसातून जातात. मग मलमातून का जाणार नाहीत? मी मान डोलावली. डबी परत तट्ट्यामागे गेली.

दवाखाना स्टेशनपासून चालत जाण्यासारखा होता. पाटीवर डॉक्टरांचं नाव लहान आणि ‘एक्स-रे’ हा शब्द मोठा होता. मालेगावकडचे, रिसोडकडचे लोक तो शब्द बघून यायचे. हात मोडला तरी एक्स-रे, पोट दुखलं तरी एक्स-रे. ताप आलेल्या एका माणसाचं म्हणणं होतं की फोटो काढल्यावर त्याला बरं वाटलं. डॉक्टरांनी ते खोडलं नाही. मशीन मुंबईहून आणलं होतं, जुनं पण चालतं. ते ठेवलेल्या खोलीचं दार उघडं असायचं, म्हणजे बाकावर बसलेल्यांना ते दिसत राहावं. काळा खांब, त्याच्यावर पुढे वाकलेलं जाड डोकं. दसरा होऊन गेला होता. मशीनच्या गळ्यात झेंडूचा वाळलेला हार होता आणि कपाळावर शेंदराचं स्वस्तिक.

मोठ्या बाबांनी ते स्वस्तिक बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. मग त्यांनी आत जाऊन डॉक्टरांना हात जोडले.

डॉक्टरांनी आधी नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकून त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली. वीतभर असेल.

“कुठल्या बाजूला?”

मोठ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या स्वतःच्या डाव्या खांद्याकडे बोट केलं.

“लेफ्ट,” डॉक्टर म्हणाले आणि लिहून घेतलं. पेनाचं टोक त्यांनी लांबूनच मोठ्या आईच्या दिशेने फिरवलं, आणि झाली तपासणी. मोठी आई पदराखाली हुकं सोडू लागली तसे ते घाईने म्हणाले, “राहू द्या बाई, पदर असू द्या, ब्लाउज असू द्या. एक्स-रेला कपड्यांचं काय? तो थेट आत बघतो. आमच्याकडे बायकांची अब्रू राखूनच सगळं होतं.”

मोठ्या बाबांना हे फार आवडलं. मोठ्या आईलाही. मलाही त्या क्षणी हायसं वाटलं, चिंधी कुणी बघणार नाही म्हणून. आम्ही चौघं एकमेकांची अब्रू राखत बसलो होतो आणि गाठ तेवढी कुणी बघत नव्हतं. रोग्याला हात न लावण्याची डॉक्टरांची दोन कारणं होती. एक ते मोठ्याने सांगत. दुसरं त्यांच्या खुर्चीने सांगितलं होतं.

मग त्यांनी अट घातली. फोटोत गाठ स्वच्छ दिसली तर ते नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देतील. ती चिठ्ठी असली तर तिथे लगेच ऑपरेशनला घेतील. “चिठ्ठीशिवाय गेलात तर महिनाभर व्हरांड्यात बसाल, मास्तर.” मोठे बाबा म्हणाले, “साहेब, तुम्ही म्हणाल तसं.” एवढ्या एका चिठ्ठीसाठी आम्ही आलो होतो, आणि ती त्या फोटोवर अवलंबून होती.

मोठी आई आत गेली. मोठे बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. पहिली प्लेट धुऊन होईपर्यंत डॉक्टरांना काम नव्हतं, म्हणून त्यांनी मला थांबवून घेतलं आणि माझ्याशी इंग्रजी सुरू केलं.

“कॉन्व्हेंट?”

मी मान हलवली.

“गुड, गुड.” त्यांना मॅमोग्राफी माहीत होती. इथल्या कुठल्याच डॉक्टरने तो शब्दसुद्धा ऐकलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिकडे छातीच्या फोटोसाठी वेगळी मशीनं निघाली आहेत, सौम्य किरणांची. छाती दाबून धरतात, मोहरीएवढी गाठ दिसते. ते एका मासिकात वाचलं होतं आणि मासिक दाखवायला त्यांनी टेबलाचा खण उघडला, पण त्यात ते नव्हतं. “आमचं मशीन त्याच्यासाठी नाही, तरी मी करतो. डोकं वापरावं लागतं.”

मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसत मराठीत आले.

“अमेरिकेत काय चाललंय माहितीये? बायका छातीत सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतात. मोठी दिसावी म्हणून! आणि मग गाठ झाली की फोटोत नुसती पिशवी दिसते, पांढरी, ढगासारखी. मागचं काही दिसत नाही. डॉक्टर बिचारे किरण वाढवत बसतात. डोस वाढवायचा, पुन्हा वाढवायचा, दुसरं करणार काय?” त्यांनी बाहेर बाकाकडे बघून आवाज चढवला. “काय मास्तर, बाईंनी तसलं काही बसवून नाही ना घेतलं?”

आणि ते हसले. बाहेरून मोठे बाबाही हसले. साहेब हसल्यावर हसायचं असतं तसं, तोंड उघडून, आवाज न काढता. मी हसले नाही. मला त्या चिंधीची आठवण झाली होती. पण ती आठवण आली आणि तशीच गेली, कारण अमेरिकेतल्या सिलिकॉनचा आणि जऊळक्याच्या न्हाणीतल्या डबीचा काही संबंध असू शकतो, हे माझ्या शिक्षणात बसत नव्हतं. माझ्या डोक्यात इंग्रजी गोष्टींची एक खोली होती आणि घरच्या गोष्टींची दुसरी. मधलं दार मी कधी उघडलेलं नव्हतं.

पहिला फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “कमी पडलं. वाढव रे.” मी बाहेर येऊन मोठ्या बाबांशेजारी बसले.

दुसरा आला. तो त्यांनी थोडा जास्त वेळ धरला. “अजून वाढव. लठ्ठ आहे का बाई?”

मोठी आई लठ्ठ नव्हती. तुरीच्या काडीसारखी होती. ते त्यांना दिसलं असतं, त्यांनी बघितलं असतं तर.

तेव्हाच कंपाउंडरने ते दगडाचं वाक्य टाकलं. त्यानंतर तो बाहेर आला, भिंतीवरचा जाडजूड एप्रन पुन्हा गळ्यात अडकवला आणि आडोशाच्या मागे जाऊन उभा राहिला. एप्रन इतका जड होता की तो कण्हत घालत होता. आतून ओरडला, “बाई, श्वास धरा! हलू नका!” मशीन गुरगुरलं. या वेळी ते जास्त वेळ गुरगुरलं. तेवढा वेळ मोठी आई त्या टेबलावर श्वास धरून पडली होती आणि कंपाउंडर आडोशामागे एप्रन घालून उभा होता. किरण इतके गुणकारी होते की ते सोडणारा माणूस त्यांच्यापासून पळून उभा राहत होता. हे मला त्या दिवशी तिसऱ्यांदा दिसत होतं.

“मोठ्या आईला विचारू का, त्रास होतोय का?” मी मोठ्या बाबांना हळूच विचारलं.

“साहेब करून राह्यले ना बरोबर,” ते म्हणाले. “मधात बोलू नये.”

मी बोलले नाही. मला फार आग्रह लागत नसे.

तिसऱ्या फोटोला आम्हाला आत बोलावलं. फिल्म अजून ओली होती, चिमट्यातून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी ती दिव्याच्या पेटीवर लावली. सगळी काळी होती, तव्यासारखी. बरगड्यासुद्धा काळ्यात बुडाल्या होत्या. आणि मधोमध एक पांढरं. इतकं पांढरं की त्याच्यातून मागच्या दिव्याचाच उजेड येत होता.

डॉक्टरांनी घसा साफ केला. आता ते इंग्रजी बोलले नाहीत.

“हे बघा मास्तर. हे जे पांढरं आहे ना, तो रोग. मी एवढे किरण सोडले, तरी आत शिरत नाहीत. म्हणजे किती घट्ट झालाय बघा. आत हाडापर्यंत गेलेला आहे. आता ऑपरेशनचा काही उपयोग नाही.”

“पण नागपूरची चिठ्ठी, साहेब...”

“चिठ्ठी देऊन काय करू? ते परतच पाठवतील, आणि नाव माझं जाईल. घरी न्या. जे खावंसं वाटतं ते खाऊ घाला.” मग दिलदारपणे: “तरी तुमच्या समाधानासाठी एक शेवटचा काढतो. डबल पॉवरने. मागे काय आहे ते दिसलं तर दिसलं.”

 मोठ्या बाबांचा हात टेबलाच्या कडेवर होता, आणि बोटं आपोआप हलत होती, फळ्यावर लिहिल्यासारखी.

दार उघडं होतं. आत टेबलावर मोठी आई पडली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आमच्याकडे बघत नव्हती. तिच्या डोक्यावर मशीनचं ते जाड डोकं वाकलेलं होतं आणि ती त्याच्या कपाळावरच्या स्वस्तिकाकडे बघत होती. तिचा डावा हात छातीवर, पदराखाली गेला होता. चिंधी सरकली तर नाही ना, हे ती बोटांनी बघत होती. मरण ऐकल्यावरही तिने आधी तेच बघितलं, मोठ्या बाबांना कळू नये म्हणून.

मी पुन्हा फिल्मकडे बघितलं.

त्या पांढऱ्याला कोपरे होते.

चार. एक थोडा दुमडलेला, बाकीचे तीन कात्रीने कापल्यासारखे. एका बाजूला सरळ रेघ होती, लुगड्याच्या काठासारखी. मी जीवशास्त्र सोडून दिलेलं होतं, पण शरीरात चौकोनी काही वाढत नाही एवढं कळायला जीवशास्त्र लागत नाही. डोळे लागतात. ते डॉक्टरांनाही होते, कंपाउंडरलाही होते, आणि दोघांनी तीनदा बघून त्या चौकोनाला रोग म्हटलं होतं.

आणि मग ते मधलं दार उघडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक बाटली होती, तिच्यात नारिंगी-लाल पूड, वर इंग्रजीत ‘रेड लेड’ अशी चिठ्ठी. आम्ही ती परीक्षानळीत तापवली होती, आणि मी वहीत सुबक अक्षरात लिहिलं होतं की हे शिशाचं ऑक्साइड आहे. बाटली परत नेताना प्रयोगशाळेतला शिपाई म्हणाला होता, “याच्यात तेल टाकलं का झाला मारुती.” बाकीच्या मुली हसल्या होत्या. मी लिहीत होते. मी तेव्हा वर बघितलं असतं तर आज सकाळी न्हाणीत मला पटलं नसतं.

शिसं. कंपाउंडर कण्हत कण्हत गळ्यात अडकवतो तो एप्रन शिशाचा होता, म्हणून किरण त्याला पार करत नव्हते. मोठ्या आईनेही शिसंच बांधलं होतं, तळहाताएवढं. जोडव्यांपर्यंत सगळा धातू उतरवून घेतला होता आम्ही, आणि जो नेमका फोटोच्या आड येत होता तो पदराखाली अब्रूने ठेवून दिला होता. किरण वाढवले तसतशी आजूबाजूची मोठी आई काळी होत गेली आणि चिंधी होती तिथेच राहिली. डबल पॉवरने मोठी आई आणखी काळी झाली असती, एवढंच.

कंपाउंडरने एप्रन घातला. “चला बाई, श्वास धराची तयारी!”

आता बोलायचं तर मोठ्या बाबांसमोर बोलायचं होतं. तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. मी मोठ्या बाबांकडे बघितलं. नदीत देव सोडणारा हा माणूस शेंदराच्या मशीनसमोर हात जोडून उभा होता, बायको मरणार हे ऐकून. तो ओरडेल? कदाचित. घरी गेल्यावर डबी भिंतीवर फेकेल? फेकेल. ती भिंत, ती डबी, ते सगळं मला एकदम फार लहान वाटलं. आणि माझा गप्पपणा, ज्याला बाया संस्कार म्हणायच्या, तो तर त्याच्याहून लहान. तीन फोटोंइतके किरण त्या बाईच्या अंगावर माझ्या संस्कारांनी पडले होते.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “मिस, यू एक्स्प्लेन टु युवर आंटी,” ते म्हणाले. मोठ्या आईला काय समजावून सांगायचं होतं ते देव जाणे. मरायचं कसं ते, बहुधा.

मला इंग्रजीत उत्तर देता आलं असतं. त्याच्यासाठीच मला आणलं होतं. पण इंग्रजीत बोलले असते तर ते फक्त डॉक्टरांना कळलं असतं, आणि त्यांनी ते आपल्याला आधीच माहीत असल्यासारखं ऐकलं असतं. मला ते चौघांनाही कळायला हवं होतं. मोठ्या आईलासुद्धा, म्हणजे मी शब्द मोडला हे तिने माझ्याच तोंडून ऐकावं.

नंतर नागपूरला काय झालं, मोठ्या आईची एक बाजू कशी सपाट झाली, परत आल्यावर पदर कसा राहीना म्हणून ती कशी चिडायची, ते वेगळं आहे. ती परत आली, एवढं इथे पुरे. मोठ्या बाबांनी मला चार महिने पत्र लिहिलं नाही, आणि मग लिहिलं त्यात शेंदराचा उल्लेख नव्हता. पुढच्या वर्षी विहारात मात्र त्यांनी टोपलीची गोष्ट सांगितली नाही, असं कळलं.

पण त्या खोलीत तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. कंपाउंडरचा हात बटणावर होता. मोठ्या आईने श्वास आत घेतला होता. मी दारात जाऊन उभी राहिले आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटेल इतक्या मोठ्याने म्हणाले:

“थांबा. बटण दाबू नका. तो रोग नाही, ती चिंधी आहे. मोठ्या आईने गाठीवर शेंदराचा लेप लावलाय, सकाळी माझ्यासमोर लावला. शेंदूर म्हणजे शिसं, तुमच्या एप्रनमधलं. मला गरम पाणी आणि साबण द्या, मी तिला पुसून देते. मग एकच फोटो काढा, आणि डॉक्टर, त्याच्याआधी तिच्या गाठीला एकदा हात लावून बघा.”